एकोणिसावी फ्रेम

"सुकू, तिसऱ्या खिडकीतनं ऊन येतंय बघ," शिडीवरून मल्लू ओरडला. "खिळा दे हिकडं. आणि तोंडात धरू नको, गिळशील एखादा."

"तू तुझं काम कर की लेका," मी म्हणालो आणि खिळा वर दिला.

त्र्याऐंशी सालचा जानेवारी. रविवार, दुपारचे दोन. इचलकरंजीतल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो आणि भर दुपारी अंधार करायच्या खटपटीत होतो. आमच्या हौशी स्लाईड मंडळाचा वार्षिक मेळावा तीनला सुरू होणार होता. काळ्या पॉपलीनचा अख्खा ताका मल्लूनं त्याच्या मालकाकडून मागून आणला होता, संध्याकाळी पुन्हा तशीच घडी घालून परत करायच्या बोलीवर. मल्लिकार्जुन तेरदाळे त्याचं पूर्ण नाव. दुसऱ्याच्या शेडमध्ये चार माग चालवायचा. मी बँकेत कारकून आणि मंडळाचा सेक्रेटरी. शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासूनची दोस्ती.

"टिळेकरसाहेब आले का?" त्यानं विचारलं.

"डॉक्टरांकडं जेवतायत."

"सुकू, एक सांगू? नंबर लागला तर उद्या सकाळी शेडमध्ये जाऊन सांगणार. मालक, हे तुमचे माग आणि हे तुमचे धोटे. आपला रामराम." खिळ्यावर हातोडी हाणत तो हसला. "चौदा वर्षं कानात नुसती खडखड हाय. झोपलो तरी थांबत न्हाई. त्यांच्या स्टुडिओत म्हणं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं."

"कोण म्हणालं?"

"तूच वाचून दाखवलंस की पत्रात."

खरंच, पत्र मीच वाचलं होतं. पुण्याचे टिळेकर कॅलेंडर छापायचे. त्यांना एका सूतगिरणीच्या कॅलेंडरसाठी रंगीत फोटो काढणारा माणूस हवा होता. त्यांनी डॉक्टर पट्टणशेट्टींना, म्हणजे आमच्या अध्यक्षांना, लिहिलं होतं की मेळाव्याला परीक्षक म्हणून येतो, पहिला येईल त्याला कॅलेंडर देतो, आणि काम पसंत पडलं तर स्टुडिओत कायमचा ठेवून घेतो. बैठकीत मी ते पत्र वाचलं, तेव्हा मल्लूनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. मंडळात बाकी कुणाला नोकरीची गरज नव्हती. डॉक्टरांचा दातांचा दवाखाना जोरात, बाकीचे व्यापारी, मास्तर. मला तर बँक होती, पेन्शनसकट.

"तुझ्या दोन्ही स्लाईडी चांगल्या आहेत," मी म्हणालो.

"बऱ्या हायत. मन खातंय ते त्या एकोणिसाव्याचं." तो शिडीवरून उतरला. "दोनदा काढायला पाहिजे होता मर्दा. पण म्हटलं, एकच फिल्म, कशाला वाया घालवा. आणि नेमकी तीच काळी यावी."

"लॅबवाल्यांनी घाण केली," मी म्हणालो. "त्याला आपण काय करणार?"

"नशीब," म्हणाला, आणि शिडी उचलून बाहेर ठेवायला गेला.

इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे, नाहीतर आजच्या पोरांना काही कळायचं नाही. स्लाईड म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मचाच तुकडा. त्याची निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत नसते. जी एक आहे ती आहे. तो तुकडा दोन काचांमध्ये धरायचा, कडेनं पट्टी चिकटवायची. चित्र सरळ दिसतंय असं बघून डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका द्यायचा. प्रोजेक्टर चालवणारा अंधारात चित्र बघत बसत नाही, ठिपका बघतो आणि स्लाईड घालतो. आमच्या मंडळात सगळ्यांच्या स्लाईडी काचेत बसवायचं काम मल्लूचं, कारण त्याच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. पण ठिपका ज्याचा त्यानं द्यायचा, असा डॉक्टरांचा दंडक होता. "फोटो ज्यानं काढला त्याचाच ठिपका," ते म्हणायचे. "स्लाईडवर नाव लिहायचं नाही, मग हीच तुमची सही समजा."

नाव खरंच लिहायचं नाही. स्लाईडवर नुसता नंबर, आणि नाव बंद पाकिटात. परीक्षकाला कळता कामा नये.

कॅमेरा माझा होता, बँकेच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला. फिल्म महाग, म्हणून आम्ही दोघं भागीत आणायचो. छत्तीस फोटोंपैकी पहिले अठरा माझे, मग कॅमेरा मल्लूकडं, पुढचे अठरा त्याचे. तोच कॅमेरा, तीच फिल्म, तेच ऊन. आणि तरी दर वेळी पार्सल फोडलं की माझे अठरा शाळेतल्या हजेरीसारखे, सगळे हजर आणि एकात जीव नाही. त्याच्या अठरातले निदान चार बोलायचे. सात वर्षं मी हे बघितलं. वर तो म्हणायचा, "तुझ्याच कॅमेऱ्याची करामत रे." ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

तीनच्या ठोक्याला टिळेकर आले. उंच, खादीचा झब्बा, तोंडात वेलची. डॉक्टरांनी नारळ दिला, मी स्वागताचे चार शब्द बोललो. पन्नासएक माणूस होतं. पंखे बंद, नाहीतर पडदा हलतो. प्रोजेक्टर डॉक्टरांचा. त्याच्या एका बाजूला मी यादी घेऊन नंबर पुकारायला, दुसऱ्या बाजूला मल्लू स्लाईडी घालायला. एका स्लाईडला आठ सेकंद.

"नंबर एक," मी म्हणालो. खट्. सूर्यास्त.

"नंबर दोन." खट्. जोतिबाची यात्रा, गुलाल.

असं चाललं होतं. सातवी मल्लूची होती, न्हाव्याच्या आरशातलं गिऱ्हाईक. टिळेकर "हं," म्हणाले आणि काहीतरी लिहिलं. मल्लूनं अंधारात मला कोपरानं ढोसलं. मी यादीवर बॅटरी धरून बसलो होतो.

"नंबर तेवीस," मी म्हणालो.

त्यानं ठिपका बघितला, स्लाईड नेहमीसारखी डोकं खाली करून खाचेत सोडली. खट्.

पडद्यावर सूत वाळत घातलेलं अंगण आलं. दोन्ही बाजूंना ओल्या सुताच्या लडी, एकीकडं लाल, एकीकडं निळ्या, त्यातनं गाळून आलेलं ऊन. मधे बनियन घातलेला रंगारी, आमच्याकडं तोंड करून, दोन्ही हात वर बांबूला. एक हात कोपरापर्यंत लाल, दुसरा कोपरापर्यंत निळा. आणि तोंडावर असं हसू, की आत्ताच त्याला कुणी नावानं हाक मारलीय.

हॉलमध्ये कुणीतरी "वाऽ!" म्हणालं. टिळेकरांच्या तोंडातली वेलची थांबली.

आठ सेकंद झाले, दहा झाले. "पुढची! पुढची!" मागून लोक म्हणाले. मल्लूचा हात प्रोजेक्टरवर तसाच होता.

"एकोणिसावी," तो म्हणाला. मला ऐकू जाईल एवढंच.

"नंतर बोलू," मी म्हणालो. "चोवीस. नंबर चोवीस."

त्यानं चोवीस नंबर घातला.

लपवून काय करू आता? ती एकोणिसावी काळी आलीच नव्हती. पार्सल बँकेच्या पत्त्यावर यायचं. मी टेबलावर पट्टी उजेडात धरली आणि बघतच राहिलो. माझी पहिली फ्रेम उजेड लागून गेली होती. म्हणजे माझ्या वाट्याला सतराच आल्या की! मग एक माझी निघते, एकोणिसावी माझीच, असा हिशोब मी जागच्या जागी केला. कारकून माणूस, हिशोब लगेच जुळतो. ती फ्रेम कापून घेतली, उरलेली पट्टी मल्लूला दिली आणि सांगितलं, सांध्यावरची काळी आली, फेकून दिली. मल्लूकडं बसवायला देणं शक्य नव्हतं, म्हणून घरी दार लावून मी स्वतःच ती काचेत बसवली. धूळ पुसताना चार वेळा इकडची तिकडं केली. मग ठिपका दिला.

मल्लूला ती पडद्यावर दिसणार, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण मल्लू बोलणार नाही, हेही ठाऊक होतं. त्याच्या त्या स्वभावाच्या भरवशावर मी चोरी केली. चोर तरी अंधाराचा भरवसा धरतो, मी दोस्ताच्या चांगुलपणाचा धरला.

चहा झाला. मल्लू खाली गेला नाही, प्रोजेक्टरपाशीच बसून राहिला. मी त्याला कप नेऊन दिला.

"नको," तो म्हणाला.

"मल्लू, ऐक. माझी पहिली गेली होती, म्हणून..."

"साहेब उठले बघ," तो म्हणाला. "जा. सेक्रेटरी हायस तू."

टिळेकरांनी तिसरा नंबर सांगितला, दुसरा सांगितला. दुसरा न्हाव्याच्या आरशाचा. पाकीट फोडून डॉक्टरांनी नाव वाचलं, "मल्लिकार्जुन तेरदाळे!" टाळ्या पडल्या. मल्लू जागेवरच उभा राहून हात जोडून खाली बसला.

"पहिल्याबद्दल मला विचारच करावा लागला नाही," टिळेकर म्हणाले. "नंबर तेवीस."

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. "अरे! आपले सेक्रेटरी! सुकुमार चौगुले!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सात वर्षं सतरंज्या घालणाऱ्या माणसाला बक्षीस मिळालं म्हणून लोक खरंच खूश झाले होते. मी पुढं गेलो. शाल घेतली. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अगदी आपल्याच कष्टाचं मिळावं तसा.

"ती पुन्हा एकदा लावा बरं," टिळेकर म्हणाले. दिवे मालवले. मल्लूनं ती पुन्हा लावली. टिळेकर पडद्याजवळ गेले आणि बोट दाखवून म्हणाले, "एक शंका आहे, चौगुले. याच्या डाव्या दंडाला ताईत दिसतोय. ताईत सहसा उजव्या दंडाला बांधतात. स्लाईड उलटी तर बसली नाही?"

मी पडद्याकडं बघितलं. ताईत! मला तो ताईत आधी दिसलाच नव्हता.

"छे छे," डॉक्टर म्हणाले. "आमचा सुकुमार चुकायचा नाही."

"मला छापायची आहे," टिळेकर म्हणाले. "तुम्ही त्याच्यासमोर उभे होतात. सांगा, लाल हात कुठला होता? डावा की उजवा?"

सोपा प्रश्न. दोनातलं एक. मी डोळे मिटून ते रंगखात्याचं अंगण आठवायला लागलो. मला आठवलं की अठरावा फोटो झाल्यावर मी मल्लूच्या हातात कॅमेरा दिला होता, आणि पलीकडच्या टपरीवर भजी खायला गेलो होतो. त्या माणसाला मी कधी बघितलंच नव्हतं. पाठमोरासुद्धा नाही.

"उजवा," मी म्हणालो. "उजवा लाल. स्लाईड सरळ आहे. मी स्वतः बसवलीय साहेब."

"डावा."

अंधारात सगळ्या माना प्रोजेक्टरकडं वळल्या.

"डावा हात लाल," मल्लू म्हणाला. "दस्तगीर त्याचं नाव. दोन पिंपांच्या मधी उभा राहतो. डावीकडं लाल रंगाचं पिंप, उजवीकडं निळ्याचं. बावीस वर्षं एकाच जागी. हात धुतले तरी निघत न्हाई म्हणाला, बायको वळखती कुठल्या हातानं वाढून घेतलं ते. ताईत उजव्याच दंडाला हाय. स्लाईड उलटी हाय, साहेब."

आता म्हणेल, मी मनात म्हटलं. आता तो म्हणणार, फोटो माझा हाय. आणि म्हणावं, असंही एका बाजूनं मला वाटत होतं. म्हण की रे एकदाचं!

"तुम्हाला कसं ठाऊक?" टिळेकरांनी विचारलं.

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. प्रोजेक्टरच्या भोकांतून येणारा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता. तो बघत राहिला. मला वाटतं, तो वाट बघत होता. आठ सेकंद तरी नक्की. मी शालीचं टोक पिळत उभा होतो.

"मी संगं होतो त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला.

"वा!" टिळेकर हसले. "म्हणजे फोटो काढणाऱ्यापेक्षा तुमचंच लक्ष जास्त होतं की!"

हॉल हसला. डॉक्टर हसले. मीही हसलो.

मल्लूनं स्लाईड बाहेर काढली, उलटी केली आणि पुन्हा घातली. पडद्यावर दस्तगीर सरळ झाला. काय फरक पडला ते शब्दांत सांगता येत नाही, पण हॉलमध्ये पुन्हा "वा" झालं, पहिल्यापेक्षा हळू. मल्लू खुर्चीवर टेकला आणि पडद्याकडं बघत राहिला. आपला फोटो तो तेव्हा पहिल्यांदा धड बघत होता, हे माझ्याशिवाय त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

दिवे लागले. तो माझ्याकडं आला, हातात स्लाईड.

"लाल पेन दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"ठिपका चुकीच्या बाजूला हाय. उद्या पुण्यात कोणतरी पुन्हा उलटी लावंल."

मी खिशातलं पेन दिलं. त्यानं स्लाईड उजेडाला धरून सरळ केली, टेबलावर ठेवली, आणि माझा ठिपका होता त्याच्या दुसऱ्या बाजूला, डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, जपून एक लाल ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला. डॉक्टर शेजारीच उभे होते. "शाब्बास," ते म्हणाले, "मित्र असावा तर असा." मंडळाचा दंडक ज्यांनी घातला, त्यांना तो ठिपका वाचता आला नाही.

"घे," मल्लू म्हणाला. "आता बराबर लागंल."

मग त्यानं पॉपलीनचा ताका एकट्यानं उतरवला, घडी घातली, खांद्यावर टाकला आणि गेला. नंतर तो मंडळात कधी आला नाही.

कॅलेंडर मला मिळालं. बँकेतून रजा काढून मी फिरलो, आठ रोल खर्ची घातले. टिळेकरांचं दर वेळी पत्र यायचं, 'त्या रंगाऱ्यासारखं काहीतरी पाठवा.' शेवटी त्यांनी दस्तगीर मुखपृष्ठावर छापला, आतले बारा फोटो दुसऱ्या कुणाचे तरी घेतले. पुढं पत्रं थांबली. नोकरीचा विषय निघालाच नाही, आणि निघाला असता तरी मला काय करायची होती ती?

पुढच्या वर्षी मेळाव्याच्या आधी मी मल्लूच्या शेडमध्ये गेलो. चाळीस मागांची खडखड, माणूस कानाला लागून ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून मागवाले एकमेकांचे ओठ वाचतात. मल्लू तर तीन माग पलीकडच्या माणसाची शिवीसुद्धा ओठांवरून उचलायचा. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि वर्षभर घोकलेलं म्हणालो, "मल्लू, माझी चूक झाली. मला माफ कर."

त्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. मग कानाला बोट लावलं, ऐकू येत नाही म्हणून मान हलवली, आणि तुटलेला धागा सांधायला वाकला.

तिथंच, त्याच शेडमध्ये, तो साठ वर्षांचा होईपर्यंत राहिला. कान दोन्ही गेले. चार वर्षांपूर्वी तोही गेला. तेराव्याला मी गेलो होतो. त्याच्या सुनेनं लाडू वाढला आणि विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, शाळेतला.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांच्या मुलाचा फोन आला. मंडळाच्या जुन्या स्लाईडींचं प्रदर्शन करायचंय, म्हणाला, सगळं कॉम्प्युटरवर घेतोय, तुमची ती रंगाऱ्याची पाहिजेच. मी ती घेऊन त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं ती उजेडाला धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली.

"काका, दोन्ही बाजूंना ठिपका आहे. सरळ बाजू कुठली?"

"ती," मी म्हणालो. "तुझ्याकडची. डावा हात लाल असतो त्याचा."

"किती भारी आहे!" ती म्हणाली. मशीन चाललं, दस्तगीर तिच्या पडद्यावर आला, हात वर करून, हसत. कुणाकडं बघून हसत होता ते मी आता विसरणं शक्य नव्हतं. मुलीनं कीबोर्डवर बोटं ठेवली.

"खाली फोटोग्राफरचं नाव काय टाकू?"

सत्तरी ओलांडली माझी. बायको गेली, डॉक्टर गेले, टिळेकर गेले. कुणी विचारणारं उरलं नव्हतं, काही जाणार नव्हतं. दुकानात ती मुलगी आणि मी, दोघंच.

"सुकुमार चौगुले," मी म्हणालो.